गाजर गवत: परभणीच्या गायरानांवर पसरणारं तण कसं आवरायचं?

पाऊस पडून दोन-तीन आठवडे झाले की परभणी जिल्ह्यातल्या माळरानांवर, गायरानांत आणि रस्त्यांच्या कडेला हिरवळ दिसू लागते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, यंदा चारा चांगला होणार. जवळ गेल्यावर कळतं की त्यातली बरीचशी हिरवळ जनावरं तोंडात घेत नाहीत. गाजरासारखी पानं, थोड्याच दिवसांत शेंड्यावर पांढरी बारीक फुलं. हे गाजर गवत.

हे तण जमीन व्यापतं, पण चारा देत नाही. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आहे ते कडबा, सोयाबीनचं भूस किंवा बांधावरच्या गवतावर भागवतात. ज्यांची चार शेळ्या आणि एक गाय गावच्या गायरानावरच पोसली जाते, त्यांचं मात्र थेट नुकसान होतं. त्यामुळे गाजर गवताचा प्रश्न जितका शेतीचा आहे, तितकाच गावाच्या सामाईक जमिनीचाही आहे.

हे तण आलं कुठून, जनावरांना आणि माणसांना त्याचा काय त्रास होतो आणि ते आवरण्याचे कोणते उपाय खरोखर चालतात, ते पाहू.

गाजर गवत म्हणजे नेमकं काय?

नावात गवत असलं तरी हे गवत नाही. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचं शास्त्रीय नाव. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती ज्या कुळात येतात, त्याच कुळातली ही रुंद पानांची वनस्पती आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तणनाशक निवडताना आणि भुंग्यांबद्दलचा वाद समजून घेताना ती कामाला येते.

मूळ प्रदेश मेक्सिको, मध्य अमेरिका आणि आसपासची बेटं. झाड साधारण तीन ते पाच फूट वाढतं. रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. एका मोठ्या झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होऊ शकतात. बी इतकं हलकं असतं की वारा, पाणी, जनावरांचे खूर, ट्रॅक्टरची चाकं, शेणखत आणि चाऱ्याच्या पेंढ्या अशा सगळ्या वाटांनी ते पसरतं. जमिनीत खोल गाडलं गेलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं.

ओल मिळाली तर हे तण वर्षात तीन-चार पिढ्या पूर्ण करतं. बहुतेक देशी गवतं पावसाळ्यात एकदाच बी धरतात. त्यामुळे एकदा जागा मिळाली की ही शर्यत गाजर गवतच जिंकतं.

'काँग्रेस गवत' हे नाव कसं पडलं?

पानं गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून गाजर गवत. दुसरं प्रचलित नाव काँग्रेस गवत. त्यामागे दोन समजुती सांगितल्या जातात. शेंड्यावरची पांढरी फुलं गांधी टोप्यांसारखी दिसतात, ही एक. काँग्रेसच्या राजवटीत आयात केलेल्या गव्हातून ते आलं, ही दुसरी. गावोगावी दोन्ही ऐकायला मिळतात.

भारतात ते कधी आलं?

या तणाची गोष्ट महाराष्ट्रातूनच सुरू होते. १९५५ मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही वनस्पती आढळली. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली.

'पीएल ४८०च्या गव्हातून गाजर गवत आलं' हे वाक्य जवळपास प्रत्येकाने ऐकलेलं असतं. यात एक अडचण आहे. पीएल ४८० खाली भारत आणि अमेरिका यांच्यात पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातल्या नोंदीच्या नंतर. अमेरिकेतून धान्य मात्र त्याआधीही येत होतं. १९५१ मध्ये अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं. आयात धान्याबरोबर बी आलं असावं, हे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक मान्य करतात. फक्त त्याला पीएल ४८०चं लेबल लावताना तारखा जुळत नाहीत.

पुण्यातून ते रेल्वे, रस्ते आणि धान्याच्या वाहतुकीबरोबर देशभर गेलं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३५० लाख हेक्टर क्षेत्रावर गाजर गवताचा प्रादुर्भाव आहे.

परभणीत ते एवढं का फोफावतं?

याची कारणं जमिनीत, पाण्यात आणि चराईत आहेत.

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यात आहे. मधला बराच भाग काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीचा, तर जिंतूरकडे आणि गंगाखेडकडे डोंगराळ, हलक्या जमिनीचे माळ आहेत. चांगली काळी जमीन सोयाबीन, कापूस, तूर आणि ज्वारीखाली गेली. चराईसाठी उरल्या त्या गायरानाच्या जमिनी, माळ, ओढ्यांचे काठ आणि रस्त्यांच्या कडा.

जायकवाडीचा डावा कालवा आणि पूर्णा प्रकल्पाचे कालवे जिल्ह्यातून जातात. कालव्याच्या आणि चाऱ्यांच्या कडेला उन्हाळ्यातही ओल टिकते. माळावरचं गाजर गवत उन्हाळ्यात वाळून जातं, पण कालव्याच्या कडेचं फुलत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यासाठी बी पुरवतं.

सर्वांत मोठं कारण चराईत आहे. पाऊस पडल्या पडल्या जनावरं माळावर सोडली जातात. कोवळं गवत वाढण्याआधीच खाल्लं जातं, खुरांनी उखडलं जातं. मारवेल, पवना, डोंगरी यांसारखी चांगली गवतं बी धरायच्या आत संपतात. गाजर गवताला मात्र जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे ते वाढतं, फुलतं आणि बी टाकतं. असं चार-पाच पावसाळे झाले की गायरानाचा रंग बदलतो. जनावरं दर वर्षी चांगलं तेवढं निवडून खातात आणि नकळत तणाला जागा करून देतात.

शिवाय गाजर गवताच्या मुळांतून, पानांतून आणि पालापाचोळ्यातून शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ रोखणारी रसायनं जमिनीत उतरतात. दाट प्रादुर्भाव असलेल्या कुरणांत चाऱ्याचं उत्पादन ९० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असं भारतातल्या अभ्यासांत नोंदवलं गेलं आहे.

जनावरांवर काय परिणाम होतो?

या भागात लाल कंधारी आणि देवणी गाई, मराठवाडी म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या पाळल्या जातात. ही जनावरं काटक आणि कमी चाऱ्यावर तग धरणारी आहेत. पण तग धरायलाही चारा लागतोच.

साधारणपणे जनावरं गाजर गवत टाळतात. चारा संपला, दुष्काळ पडला किंवा कापून आणलेल्या हिरव्या चाऱ्यात ते मिसळलं गेलं, तर मात्र पोटात जातं. पार्थेनिन हे त्यातलं मुख्य विषारी द्रव्य. ते थोड्या प्रमाणात गेलं तरी दुधाला कडवट चव येऊ शकते. जास्त प्रमाणात गेलं तर तोंडात आणि अन्ननलिकेत जखमा, अंगावर पुरळ, केस गळणं, जुलाब असे त्रास होतात. १९७० च्या दशकात भारतात झालेल्या प्रयोगांत, आहारात मोठ्या प्रमाणात गाजर गवत दिलेली जनावरं दगावली होती.

जनावराची नाकपुडी, कास, पापण्या अशा केस नसलेल्या जागी लालसर चट्टे दिसले आणि ते गाजर गवताच्या माळावर चरत असेल, तर आधी त्याला तिथून हलवणं आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवणं योग्य. चाऱ्याच्या पेंढीतून गाजर गवत वेचून काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण दुभत्या जनावरांसाठी ते टाळू नये.

माणसांना काय त्रास होतो?

पुण्यात या तणाचा प्रसार झाल्यानंतर त्वचारोगाचे रुग्ण वाढू लागले. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये गाजर गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर देशभरातून अशा नोंदी आल्या.

या तणाचा वारंवार संपर्क आला की काही जणांना त्याची ॲलर्जी जडते. चेहरा, मान, कोपराची आतली बाजू, हात अशा ठिकाणी खाज, लाली आणि जाडसर चट्टे येतात. वाळलेल्या झाडाचे कण हवेतून अंगावर बसतात, म्हणून हात न लावताही त्रास होऊ शकतो. परागकणांमुळे शिंका, डोळे चुरचुरणं आणि दम्याचा त्रासही वाढतो. प्रत्येकाला हे होत नाही, पण एकदा जडलेली ॲलर्जी सहसा वर्षानुवर्षं राहते.

म्हणूनच निर्मूलनाच्या मोहिमेत शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावणं चुकीचं आहे. फोटो चांगला येतो, पण त्यातल्या एखाद्या मुलाला आयुष्यभराचा त्रास जडू शकतो.

उपाय पहिला: फुलाआधी उपटणं

सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय हाच आहे, पण तो वेळेवर झाला तरच. पावसानंतर जमीन ओली असते, तेव्हा झाड मुळासकट निघतं. विळ्याने किंवा कटरने वरून कापलं तर बुडख्यातून पुन्हा फांद्या फुटतात आणि त्यांवर लवकर फुलं येतात.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवाच. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत आणि तेच कपडे घालून घरात फिरू नये. ज्यांना आधीपासून ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी या कामापासून लांब राहावं.

फुलं आल्यानंतर उपटलेलं झाड तिथेच टाकलं तर त्यातलं बी पिकून जमिनीत पडतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात जाते. अशी झाडं गोळा करून एका जागी वाळवावीत आणि गवतापासून, वस्तीपासून लांब, खड्ड्यात जाळून टाकावीत. वाळलेल्या गायरानाला सरसकट आग लावणं हा उपाय नाही. त्यात चांगल्या गवताचं बी आणि ठोंब जळतात, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिला हक्क पुन्हा गाजर गवतच सांगतं.

उपाय दुसरा: चांगल्या गवताने जागा भरणं

तण काढलं आणि जागा उघडी ठेवली, तर पुढच्या पावसाला तेच तण परत येतं. कुरणावरचा कायमचा उपाय हा की त्या जागेवर दुसरं काहीतरी उगवलं पाहिजे.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी यासाठी तरोट्याचा वापर सुचवला जातो. त्याला टाकळाही म्हणतात. पावसाळा सरताना तरोट्याच्या शेंगा गोळा करायच्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाआधी, गाजर गवताच्या जागी बी फेकायचं. तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. रस्त्याच्या कडा, पडीक जागा आणि गावठाणाभोवती हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे.

गायरानासाठी मात्र तरोटा पुरेसा नाही. तोही जनावरांचा आवडता चारा नाही. एक न खाल्लं जाणारं झाड काढून दुसरं लावलं तर जनावरांना काय मिळणार? कुरणावर मारवेल, पवना, अंजन अशी गवतं आणि त्यांच्या जोडीला स्टायलोसारखं द्विदल चारापीक लावणं जास्त उपयोगाचं. मारवेलचे ठोंब पावसाच्या सुरुवातीला लावता येतात, स्टायलोचं बी पेरता येतं. हलक्या माळावर अंजन चांगलं तग धरतं.

यात एक अट आहे. नव्या गवताला किमान पहिला पावसाळा चराईपासून वाचवावं लागतं. सगळं गायरान एकदम बंद केलं तर ज्यांची जनावरं त्यावरच अवलंबून आहेत ते अडचणीत येतात, आणि बंदी चार दिवसही टिकत नाही. म्हणून गायरानाचे तीन-चार भाग करून दर वर्षी एक भाग राखणं व्यवहार्य ठरतं. राखलेल्या भागातलं गवत बी पडल्यानंतर कापून न्यायची मुभा ठेवली तर लोकांचाही पाठिंबा मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत रुजवली. तिथे मूळ उद्देश पाणलोटाचा होता, पण माळावर गवत परत येण्याचा मार्ग त्यातूनच मोकळा झाला.

उपाय तिसरा: मेक्सिकन भुंगा

गाजर गवत मेक्सिकोतून आलं, पण त्याला खाणारे किडे तिथेच राहिले. त्यांतला एक किडा मुद्दाम इथे आणला गेला. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचं नाव, बोलीभाषेत मेक्सिकन भुंगा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला आणि तपासण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडला गेला.

भुंगा साधारण अर्धा सेंटिमीटरहून थोडा मोठा. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद उभ्या नागमोडी रेषा, त्यामुळे ओळखायला सोपा. मादी पानांच्या मागच्या बाजूला अंडी घालते. अळ्या कोवळी पानं आणि शेंडे खातात आणि नंतर जमिनीत जाऊन कोषात जातात. अंड्यापासून नवा भुंगा तयार व्हायला सुमारे महिना लागतो. भुंगा आणि अळी दोघंही गाजर गवत खातात, पण खरा फडशा पाडतात त्या अळ्या. संख्या पुरेशी असेल तर पानं संपून झाडाचे नुसते खराटे उरतात आणि फुलं कमी येतात.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या कामाशी जोडलेलं आहे. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव देण्यात आलं. विद्यापीठातल्या परोपजीवी कीटकांच्या योजनेतून या भुंग्यांची पैदास आणि वाटप केलं जातं. भुंगे पावसाळ्याच्या सुरुवातीला, गाजर गवत कोवळं असताना सोडावेत. हेक्टरी साधारण ५०० भुंगे पुरतात.

ज्या गावात भुंगे आधीच स्थिरावले आहेत, तिथून ते गोळा करून दुसऱ्या गावात नेता येतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये खाल्लेल्या पानांची झाडं शोधायची, हवेसाठी छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत गाजर गवताच्या पाल्यासह भुंगे ठेवायचे आणि ऊन नसताना नव्या जागी सोडायचे. त्या जागेवर कीटकनाशक फवारू नये आणि निदान त्या पावसाळ्यात तण उपटूही नये, नाहीतर भुंग्यांचं खाद्यच संपतं.

भुंग्याच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात. तो पावसाळ्यात सक्रिय असतो. पाऊस गेला की जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो आणि पुढच्या पावसाला वर येतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कालव्याकडेला वाढणाऱ्या गाजर गवतावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्याच वर्षी माळ साफ होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. त्याला स्थिरावायला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात.

भुंगा पिकं खातो का?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो एकदा देशपातळीवर विचारला गेला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलावर दिसले. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले, त्यामुळे शेतकऱ्यांत घबराट झाली. केंद्र सरकारने तपासणीसाठी समिती नेमली आणि दरम्यान भुंगे सोडण्याचं काम थांबवण्यात आलं.

अभ्यासातून कळलं की गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले, तर त्या वासाने भुंगे ती पानं कुरतडतात. पण सूर्यफुलावर त्यांची पिढी टिकत नाही आणि होणारं नुकसान किरकोळ असतं. नंतर भुंग्यांचं काम पुन्हा सुरू झालं.

काळजी घेण्याची पद्धत किती कडक असते, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसतं. ऑस्ट्रेलियात गाजर गवतावर चांगलं काम करणारा, खोडात गाठ करणारा एक पतंग १९८० च्या दशकात भारतात तपासणीसाठी आणला गेला. तो कारळ्यावरही जगू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं. तेलबिया म्हणून कारळं आपल्याकडे पिकतं, म्हणून त्या पतंगाला बाहेर सोडलंच गेलं नाही.

उपाय चौथा: तणनाशक, पण जपून

पडीक जागेवर फुलाआधी ग्लायफोसेट (१ ते १.५ टक्के) किंवा गवत वाचवायचं असेल तिथे मेट्रिब्युझिन (०.३ ते ०.५ टक्के) अशा शिफारशी तण संशोधनात आहेत. कुरणासाठी यांतला फरक महत्त्वाचा आहे. ग्लायफोसेट समोर दिसेल ती हिरवी वनस्पती मारतं, चांगलं गवतही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. गायरानावर ते फवारणं म्हणजे तणासोबत कुरणही घालवणं.

२,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर काम करतं आणि गवतवर्गीय वनस्पती वाचवतं. कागदावर ते कुरणासाठी योग्य वाटतं. पण परभणीत एक मोठी अडचण आहे, ती कापसाची. कापूस या तणनाशकाला अत्यंत संवेदनशील आहे. वाऱ्याने उडून आलेल्या थोड्या फवाऱ्यानेही कापसाची पानं वेडीवाकडी होतात आणि पात्या गळतात. गायरानाच्या बांधाला लागून कापूस असेल तर हे तणनाशक वापरू नये. ज्या पंपाने ते फवारलं, तो पंप नीट न धुता कापसावर वापरणंही तितकंच घातक.

कोणतंही तणनाशक फवारलं तर लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या जागेवर जनावरं सोडू नयेत. प्रमाण ठरवताना दुकानदारापेक्षा कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

मिठाचं दाट द्रावण (१५ ते २० टक्के) फवारण्याचा उपायही फिरत असतो. गाजर गवत त्याने जळतं, पण मीठ जमिनीत राहतं. फरशी, भिंतींच्या कडा अशा जागी ठीक, कुरणावर आणि शेतात नको.

उपटलेल्या तणाचं काय करायचं?

फुलं येण्याआधी उपटलेल्या गाजर गवताचं चांगलं कंपोस्ट खत होतं. खड्ड्यात तणाचा थर, त्यावर शेणकाला आणि थोडी माती, असे थर रचून वरून शेण-मातीने लिंपून टाकायचं. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. फुलावर आलेली झाडं मात्र साध्या उकिरड्यात टाकू नयेत. तिथे पुरेशी उष्णता तयार होत नाही, बी जिवंत राहतं आणि शेणखताबरोबर शेतात पोहोचतं. ज्या शेतात आधी गाजर गवत नव्हतं, तिथे ते अनेकदा असंच आलेलं असतं.

वर्षभराचं वेळापत्रक

मे-जून: पावसाआधी पडीक जागी तरोट्याचं बी फेकणं, गायरानाचा कोणता भाग राखायचा ते ठरवणं, मारवेलचे ठोंब आणि स्टायलोचं बी मिळवून ठेवणं.

जुलै: पहिली उपटणी, नव्या गवताची लागवड, न उपटलेल्या भागात भुंगे सोडणं.

ऑगस्ट: दुसरी उपटणी. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं त्यात भाग घेतात, त्यामुळे गावाला माहिती आणि मदत मिळण्याची ही चांगली वेळ.

सप्टेंबर-नोव्हेंबर: राहिलेली फुलावरची झाडं काढून नष्ट करणं, तरोट्याच्या शेंगा गोळा करणं, राखलेल्या भागातलं गवत बी पडल्यावर कापणं.

डिसेंबर-एप्रिल: कालवे, पाझर, हातपंप आणि हौदांच्या कडेची ओली ठिकाणं साफ ठेवणं. काम थोडं असतं, पण पुढच्या वर्षीचं बी इथेच थांबतं.

हे चक्र एका वर्षात संपत नाही. जमिनीतला बियांचा साठा कमी व्हायला सलग काही वर्षं लागतात, आणि मध्ये एक वर्ष सोडलं तर साठा पुन्हा भरतो.

जबाबदारी कोणाची?

शेतातलं तण शेतकरी काढतो, कारण नुकसान त्याचं असतं. गायरान सगळ्यांचं असतं, म्हणून ते साफ करायला कोणीच पुढे येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ नुसार गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी जपण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही नमूद आहे. मराठवाड्यात गायरान हा विषय भूमिहीनांच्या हक्कांशी जोडलेला आहे, त्यामुळे कुरण विकासाचा निर्णय सगळ्यांशी बोलूनच व्हायला हवा.

कामासाठी मजुरी लागते. रोजगार हमीच्या कामांत गायरान आणि कुरण विकासाची कामं बसवता येतात. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करून ते काम गावाच्या आराखड्यात घालावं लागतं. मोहीम ऑगस्टमध्ये आणि ठराव जानेवारीत असं झालं तर उपयोग नाही. पावसाळ्यातलं काम हवं असेल तर तयारी आधीच्या हिवाळ्यात करावी लागते.

शेजारच्या कर्नाटकने १९७५ मध्येच गाजर गवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं होतं. तरीही तिथून ते गेलेलं नाही. कायद्यानंतर दर पावसाळ्यात कोणी माळावर उतरतं का, यावरच पुढचं सगळं ठरतं.

जगात इतरत्र काय झालं?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९६० च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या गवताच्या बियांबरोबर हे तण आलं. गुरं पाळणाऱ्यांचं मोठं नुकसान झाल्यावर तिथे १९८० पासून नऊ प्रकारचे कीटक आणि दोन प्रकारच्या तांबेरा बुरशा सोडल्या गेल्या. गाड्या आणि यंत्रं धुण्यासाठी खास जागा उभारल्या गेल्या. तिथल्या पशुपालकांना दिला जाणारा पहिला सल्ला मात्र साधा आहे: कुरणावर झेपतील तितकीच जनावरं ठेवा. गवत दाट असेल तर गाजर गवताला शिरायला फट मिळत नाही.

इथिओपियात या तणाला दिलेल्या एका स्थानिक नावाचा अर्थ 'सही कर आणि जमीन सोडून दे' असा सांगितला जातो. कुरणं गेल्यावर पशुपालकाकडे दुसरं काय उरतं, हे त्या नावात आलं आहे.

नेहमीचे प्रश्न

गाजर गवत कायमचं संपवता येतं का?
मोठ्या क्षेत्रावरून पूर्ण नाही. पण एखाद्या गायरानावर ते चाऱ्याच्या आड येणार नाही इतकं कमी ठेवता येतं.

एकच उपाय निवडायचा तर कोणता?
कुरणासाठी फुलाआधीची उपटणी आणि त्याच जागी गवताची लागवड, ही जोडी. भुंगे त्यांना मदत करतात, त्यांची जागा घेत नाहीत.

शेळ्या गाजर गवत खातात, मग त्यांनाच सोडलं तर?
भुकेली शेळी ते थोडंफार खाते, पण त्यातलं विष तिलाही बाधतं. शिवाय त्या माळावरचं उरलंसुरलं चांगलं गवत ती आधी खाईल.

माळावर आणखी कोणती परदेशी तणं आहेत?
वेडी बाभूळ, घाणेरी म्हणजेच टणटणी, आणि पाणथळ जागी बेशरम. प्रत्येकाचा उपाय वेगळा, पण तत्त्व तेच: आधी बी थांबवा, मग जागा भरा.

हे तण पुण्याच्या उकिरड्यावर दिसलं तेव्हा ते थोड्याच जागेत होतं. परभणीतल्या एखाद्या गायरानावर आज जर पाच-पन्नासच झाडं असतील, तर ती याच आठवड्यात, फुलं यायच्या आत काढता येतात. पुढच्या पावसाळ्यात तेच काम गावाला पुरून उरेल.